भरदुपारी झोपायला येणाऱ्या नर्सबाई

दुसऱ्याच्या घरी जाऊन भरदुपारी ताणून देणं हीसुद्धा एक वैद्यकीय सेवा आहे, असं मानणारी एकच व्यक्ती मी आजवर पाहिली, ती म्हणजे आमच्या नर्सबाई. वसईपासून विरारपर्यंतच्या पट्ट्यात असं गाव नसेल, जिथल्या एखाद्या माजघरात त्यांची सतरंजी पडली नाही. उमेळ्यात झोपल्या, आचोळ्यात झोपल्या, बोळिंजला तर एकाच आळीत घरं बदलून बदलून झोपल्या. लोक त्यांच्याविषयी नाही नाही ते बोलत. कोणी म्हणे, बाईंच्या रक्तात पाणी झालंय. कोणी म्हणे, रात्रभर बाळंतपणं करतात आणि दिवसा झोप काढतात. एका वैद्यबुवांना त्यांची इतकी दया आली, की त्यांनी झोप उडवणारा कडू काढा स्वतः उकळून दिला. बाईंनी तो तोंड वाकडं न करता पिऊन टाकला, पेला विसळून ठेवला आणि त्याच वैद्यबुवांच्या गरोदर सुनेच्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या.

बाई मूळच्या किनाऱ्याकडच्या एका ख्रिस्ती घरातल्या. वडिलांची केळीची वाडी होती. स्वातंत्र्याच्या आसपास त्या मुंबईहून नर्सिंग शिकून परतल्या आणि गावकऱ्यांच्या समितीने चालवलेल्या एका लहानशा दवाखान्यात रुजू झाल्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. बुटक्या, रुंद बांध्याच्या, पांढरं पातळ, पायात पुरुषी वहाणा आणि काखेत छत्री. ही छत्री त्या उन्हात कधी उघडत नसत, कारण छत्री पावसासाठी असते असं त्यांचं ठाम मत होतं आणि पावसात उघडत नसत, कारण भिजली तर ती लवकर खराब होते. सकाळी दवाखाना, दुपारी गावोगावची गरोदर बायकांची घरं, असा त्यांचा दिवस जाई.

त्यांच्या उजव्या अंगठ्याचा आमच्या भागात मोठा दरारा होता. समोर कोणी बसलेलं दिसलं, की बाई वाकायच्या आणि त्याच्या नडगीवर अंगठा दाबून धरायच्या. अंगठा उचलल्यावर खळगा तसाच राहिला, तर अंगात पाणी साठलंय, आणि गरोदर बाईच्या अंगात पाणी साठणं चांगलं नाही, एवढं त्यातलं शास्त्र. पण सवय लागल्यावर त्यांना गरोदर आणि बिनगरोदर असा भेद उरला नाही. त्यांनी पोस्टमनची नडगी दाबली, कोळणीची दाबली, आणि चर्चमधल्या फादरांचा झगा जरा वर सरकला तेव्हा त्यांचीही दाबली. माझे सासरे तर बाई फाटकातून येताना दिसल्या, की आपण होऊन धोतर वर घेऊन पाय पुढे करत. “आधी तुमचा अंगठा घ्या उरकून,” ते म्हणत, “मग बोलू.”

शिकवायची हौसही अशीच, समोर कोण आहे ते न बघता. स्टेशनपासून ज्याच्या टांग्यातून त्या येत, त्या टांगेवाल्याला त्यांनी वाटेत सगळा अभ्यासक्रम शिकवून टाकला होता. गरोदर बाईला सूज आली, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, की वेळ न घालवता डॉक्टरकडे न्यायचं आणि धक्के बसू नयेत म्हणून घोडा चालीवर ठेवायचा, दौडवायचा नाही. टांगेवाला मन लावून शिकला. इतका, की मुलींच्या शाळेत नव्याने आलेल्या एका अविवाहित शिक्षिकेला बसवता बसवता त्याने आपुलकीने विचारलं, “बाय, डोल्यांपुडं काजवं बिजवं येतान काय?” त्या शिक्षिकेने पुढचे सहा महिने टांगा केला नाही. बाईंना हे कळलं तेव्हा त्या टांगेवाल्यावर रागावल्या नाहीत. प्रश्न बरोबर होता, माणूस चुकीचं होतं, एवढंच म्हणाल्या.

पण गरोदर बायकांना मात्र त्या फारसं शिकवत नसत. मला हे पहिल्यांदा विचित्र वाटलं होतं. त्या सासवांना शिकवत. “पोटुशीला सगळं कळतं गो,” त्या म्हणायच्या, “पण तिच्या हातात काय असतं? तांदळाच्या कणगीवर जिचा हात, तिला शिकवायचं.” म्हणून घरात शिरल्यावर त्या आधी सासूला बाजेवर निजवायच्या. उशी कुठे ठेवायची, कुशीवर कसं वळायचं, उठताना हातावर भार देऊन कसं उठायचं, सगळं सासूच्या अंगावर. बोळिंजच्या एका सासूच्या पोटाला तर त्यांनी बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळीसुद्धा लावली. म्हातारी लाजेने अर्धी झाली. बाई बराच वेळ कान देऊन ऐकत राहिल्या आणि मग गंभीरपणे म्हणाल्या, “तांदळाची भाकर ऐकू येतेय, आणि बरोबर बोंबील.” म्हातारी इतकी हसली, की सुनेला रोज एक पेला दूध द्यायचं तिने तिथल्या तिथे कबूल केलं.

मी मूळची पेणची. लग्न होऊन उमेळ्याला आले, ती पानवेलीच्या वाडीत. सकाळी विड्याची पानं खुडायची, दुपारी ती लावून करंड्या भरायच्या, संध्याकाळच्या गाडीला त्या पोचवायच्या. माणसं थोडी आणि काम पुष्कळ. घरात कोणी वाईट नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायला हवं. पहिल्या खेपेला सहाव्या महिन्यात माझ्या हातापायांवर सूज आली, बांगड्या घट्ट बसल्या, तेव्हा शेजारणी कौतुकाने म्हणाल्या, सून चांगली भरली. मलाही बरं वाटलं. आठव्या महिन्यात डोकं ठणकायला लागलं, मी कपाळावर सुंठ उगाळून लावली आणि करंड्या भरत राहिले. ते बाळ पोटातच गेलं. त्यानंतर घरात त्याविषयी कोणी अक्षर काढलं नाही. सासूबाईंनी तर नाहीच.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले आणि पुन्हा सहाव्या महिन्यात बांगड्या घट्ट झाल्या. या वेळी मी कोणाला कौतुक करू दिलं नाही. माझे यजमान स्वतः जाऊन नर्सबाईंना घेऊन आले.

बाईंनी अंगठा दाबला. खळगा राहिला, आणि चांगला राहिला. मग त्यांनी ओट्यावर स्पिरिटचा दिवा पेटवला आणि काचेच्या नळीत माझी लघवी तापवायला धरली. ती तापून गढूळ झाली तर मूत्रपिंडाला त्रास आहे असं समजायचं. तेवढ्यात सासरे वाडीतून आले, दिवा आणि वाफ पाहून खूश झाले आणि म्हणाले, “वा, चहा होतोय वाटतं. मलाही अर्धा कप टाका.” माझ्यावर कितीही वाईट प्रसंग असला, तरी त्या क्षणी मला पदर तोंडात कोंबावा लागला. बाई हसल्या नाहीत. त्या नळीकडे बघत होत्या. नळी गढूळ होती.

बाईंनी सासूबाईंना सांगितलं, हिला दुपारी जेवल्यावर निजवायचं, रोज, चार वाजेपर्यंत. सासूबाई माहेरच्या खाडीकाठच्या भातशेतीच्या गावातल्या. पहाटे उठायचं आणि रात्री पडायचं, मधे पाठ टेकायची नाही, हे त्यांचं आयुष्य. त्या म्हणाल्या, “आमी पानं लावता लावता पोरं काडली. दिवसा निजाची रीत नाय आमच्या घरान.” यावर दुसरी नर्स असती तर तिने व्याख्यान दिलं असतं. आमच्या बाई वाद घालत नसत. त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली, कपाळ पुसलं आणि एकदम मवाळ आवाजात म्हणाल्या, “काकी, ऊन लागलं मला. जरा पडायला जागा देता? आणि सुनेला माझ्या उशाशी बसवा, वारा घालायला.”

आता दवाखान्याच्या बाईला नाही कसं म्हणणार? सासूबाईंनी माजघरात सतरंजी घातली. ख्रिस्ती पाहुणीसाठी घरातली गोधडी काढायला त्यांचं मन झालं नाही, म्हणून करंड्यांवर टाकायची सतरंजी. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्या आडव्या झाल्या, कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला आणि डोळे मिटले. मी हातपंखा हलवू लागले. दार लोटलं गेलं आणि बाईंनी एक डोळा उघडला.

“पंखा ठेव. कुशीवर हो. डोळे मीट,” त्या कुजबुजल्या. “आणि बोलू नको माझ्याशी. मी झोपलेय.”

मग त्या घोरू लागल्या. ते घोरणं मी कोणाला वर्णन करून सांगू शकणार नाही. माजघरातून निघून ते ओट्यावर, तिथून विहिरीवरच्या रहाटापर्यंत जाई. घोरणारी पाहुणी थकलेली असते, तिला उठवायचं नसतं, आणि तिच्या उशाशी बसलेल्या सुनेला हाक मारायची तर तिची झोप मोडायची. घर चिडीचूप झालं. सासूबाईंनी सासऱ्यांना खोकायला वाडीच्या टोकाला पाठवलं. रहाटाच्या बैलाच्या गळ्यातल्या घंटेत चिंधी कोंबली. आणि मी, लग्न होऊन त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा, दिवसाढवळ्या झोपले.

ही युक्ती त्यांना कुठे सापडली, ते बाईंनी मला एकदा सांगितलं. आचोळ्याला एका घरी त्यांना खरंच भोवळ आली होती, तेव्हा घरच्यांनी सुनेला त्यांच्याजवळ बसवलं, आणि बाईंना बरं वाटून त्या उठून बघतात तर सून पंखा हातात घेऊन गाढ झोपलेली. विश्रांती सांगून कोणी देत नाही, पण पाहुणीच्या नावावर मिळते, हे त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं.

त्या रोज येऊ लागल्या. झोपेचं सोंग घेणं म्हणजे खोटं वागणं, हे मात्र त्यांच्या मनाला लागून राही. म्हणून दर आठवड्याला चर्चमध्ये कुमसाराला, म्हणजे पापाची कबुली द्यायला गेल्या, की त्या सांगत, “फादर, मी लोकांच्या घरी झोपले.” सुरुवातीला या एका वाक्याने फादरांची काय अवस्था झाली असेल, देव जाणे. पुढे त्यांना सगळं कळलं, आणि त्यांनी प्रायश्चित्त म्हणून जपमाळ करायला सांगितली. बाई काटकसरी. त्यांनी ती जपमाळ घोरता घोरताच करायची ठरवली. पदराखाली मणी सरकत, श्वास आत घेताना नमो मरिया आणि बाहेर सोडताना घोरणं.

या झोपेचा दुसरा घोटाळा असा, की बाई ज्या घरी झोपल्या, तिथे पाळणा हलणार हे गावाने गृहीत धरलं होतं. त्या वेळी दिवस गेल्याचं चारचौघांत सांगत नसत, पण बाईंच्या वहाणा ओट्यापाशी दिसल्या, की शेजारपाजार बोटं मोजायला लागे. आणि एकदा खरोखरच दमून बाई वाटेतल्या एका ओट्यावर बसल्या बसल्या पेंगल्या. घर होतं निवृत्त मास्तरांचं, आणि घरात मास्तर आणि त्यांची साठी उलटलेली विधवा बहीण, बाकी कोणी नाही. संध्याकाळपर्यंत मास्तरांकडे चार माणसं काही ना काही निमित्ताने चौकशीला येऊन गेली. मास्तर पुढे कित्येक दिवस बाई दिसल्या, की ओट्यावरची बसायची फळी काढून ठेवत.

झोपेनंतर मिठाची पाळी आली. सूज आली की मीठ बंद, असं त्या काळी शिकवत. आता आमच्या पलीकडे खाडीला लागून मिठागरं, पांढऱ्या राशी घरातून दिसतात, आणि मी अळणी जेवायचं. मला सुक्या जवळ्याचे डोहाळे लागले होते. बाईंनी सक्त मना केलं. पण पोटुशीचा जीव मारला तर बाळाचा कान फुटतो, ही सासूबाईंची समजूत, म्हणून त्या वाटीत जवळा झाकून आणून द्यायच्या. प्रेमानेच आणायच्या. बाईंनी माझ्या तोंडाचा वास घेतला आणि त्यांना सगळं कळलं. त्या सासूबाईंना म्हणाल्या, “काकी, आजपासून तुम्ही पण अळणी. तुम्ही खाल्लंत तर ही खाईल.” सासूबाई जिद्दीच्या. त्यांनी सगळ्या घराचंच मीठ बंद केलं. सासरे बिचारे रोज संध्याकाळी मिठागराकडे फिरायला जाऊ लागले, आणि परत येत तेव्हा त्यांच्या मिशीला पांढरं लागलेलं असे. माझी नात आता डॉक्टर आहे. ती म्हणते, त्या आजाराचा आणि मिठाचा तसा काही संबंध नव्हता. सासरे हे ऐकायला राहिले नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नर्स ड्यूटीवर झोपते, अशी तक्रार कोणीतरी केलीच. एका दुपारी समितीवरचे एक गृहस्थ, कोट टोपी घालून, बाईंना रंगेहाथ पकडायला आमच्या दारात उभे राहिले. आतून घोरणं ऐकू येतच होतं, पुरावा शोधायची गरज नव्हती. मी आत जागी होऊन कान टवकारले. सासूबाई या बाईंच्या बाजूने बोलतील असं मला वाटलं नव्हतं. दिवसा निजण्याचा त्यांना अजूनही तिटकारा होता. पण सासूबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. “हळू बोला,” त्या म्हणाल्या. “आत दोगी निजल्यान. तुमच्या वहाना वाजतान, त्या काडा आदी.” त्या गृहस्थांना त्यांनी ओट्यावर बसवलं, शहाळं फोडून दिलं, आणि बाई उठेपर्यंत थांबायला सांगितलं. वाडीतून वारा येत होता. चार वाजता बाई आणि मी बाहेर आलो, तेव्हा समितीचे गृहस्थ खांबाला टेकून, टोपी मांडीवर घेऊन घोरत होते. त्यांचं घोरणं खरं होतं. त्या तक्रारीचं पुढे काही झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून सतरंजीच्या जागी घरातली गोधडी आली.

आठवा महिना लागला, तसं घरात कोणी मोठ्याने बोलेना. काचेची नळी कधी स्वच्छ निघे, कधी गढूळ. यजमान रोज सकाळी माझ्याकडे न बघता विचारायचे, बरी आहेस ना. मला रात्री झोप लागत नसे, ती दुपारी बाईंच्या शेजारी लागायची. एक दिवस मी आडवी झाले आणि कपाळात ठणका सुरू झाला. तोच, जुन्या ओळखीचा. मी भीतीने बोललेच नाही. पण त्या दिवशी बाई घोरल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. “डोकं?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्या उठल्या, आणि टांगा बोलावला.

टांगेवाल्याने मला बसवलं आणि काही न विचारता घोडा चालीवर ठेवला. रस्त्यात त्याच्या पुढे गाड्या गेल्या, सायकली गेल्या, एक म्हैससुद्धा गेली. मला वाटत होतं, हा पळवत का नाही. बाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. सासूबाई समोर बसल्या होत्या आणि त्यांनी माझी दोन्ही पावलं ओटीत घट्ट धरली होती. इस्पितळात डॉक्टरांनी झटके येऊ नयेत म्हणून मला अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवलं, औषधं दिली. सासूबाई बाहेरच्या बाकावरून हलल्या नाहीत. वाडीत पानं पिकून पिवळी पडली, करंड्या गेल्या नाहीत, त्याचं कोणी नाव काढलं नाही. आणि एका सकाळी, वेळेच्या थोडी आधीच, माझी मुलगी जन्मली. एवढीशी होती. पण रडली, आणि चांगली खणखणीत रडली. बाईंनी तिला पुसलं, गुंडाळलं, आणि कोणाला काही कळायच्या आत सवयीने तिच्या इवल्याशा नडगीवर अंगठा ठेवून पाहिला.

मुलगी तीन महिन्यांची झाली तेव्हा बाई निघाल्या. डहाणूकडे एक नवा दवाखाना निघाला होता आणि तिकडे नर्स मिळत नव्हती. निरोप घ्यायला त्या दुपारी आल्या. आता आमच्याकडे कोणी गरोदर नव्हतं, कोणाला निजवायचं नव्हतं. पण त्यांना जेवू घालून सासूबाई म्हणाल्या, “पडा जरा. आज खरंच पडा.” त्यांनी गोधडी अंथरली. मी बाळाला पाजून तिथेच कुशीवर झाले. बाईंनी क्रूस काढला, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने त्यांचं घोरणं सुरू झालं. सासूबाई पाळण्याची दोरी ओढत बसल्या होत्या. मीही झोपलेय असं त्यांना वाटलं असावं.

“नर्सबाय, निजल्या?” त्यांनी हळूच विचारलं. घोरणं चालू राहिलं.

“निजा,” त्या म्हणाल्या, आणि पाळण्याकडेच बघत बोलू लागल्या. “माजी पयली दोन गेली, नर्सबाय. दोनी येलेला पाय असंच सुजलं होतं. लोकं बोलली, सून भरली. मी करंड्या उचलत रायली. मना कोन बोलला नाय, पड जरा म्हनून. मना वाटलं, असाच असते. मंग हिचा पयला गेला, तवा पन मी बोलली, असाच असते.”

मी डोळे किलकिले केले. बाई सासूबाईंकडे पाठ आणि माझ्याकडे तोंड करून निजल्या होत्या. त्यांचे डोळे सताड उघडे होते, गालावरून पाणी ओघळलं होतं, आणि घोरणं मात्र चालू होतं, एका सुरात, न चुकता. ते थांबलं असतं, तर सासूबाई गप्प झाल्या असत्या आणि उठून गेल्या असत्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच खुणावलं, की हलू नको. मी हलले नाही.

सासूबाई उन्हं उतरेपर्यंत बोलत होत्या. त्या दोन मुलांची नावं काय ठेवायची ते त्यांनी मनात ठरवलं होतं, तेही त्यांनी सांगितलं. सासऱ्यांनाही ते कधी कळलं नव्हतं.